मधली खुर्ची

वर्गात निरीक्षणाला गेले की मी आधी खुर्च्या बघते. विशेष शिक्षिका म्हणून शाळाशाळांतून फिरताना लागलेली ही सवय. मुलाचं निदान काय, फाईल किती जाड, अहवालात काय लिहिलंय, ते सगळं नंतर. आधी एवढंच पाहायचं, की त्या मुलासाठी नेमलेल्या मदतनीस ताईंची खुर्ची कुठे आहे. पुष्कळदा ती मुलाच्या आणि उरलेल्या वर्गाच्या बरोबर मध्ये असते. भिंतीला मूल, मग ताई, आणि ताईंच्या पलीकडे सगळा वर्ग. त्या जागेवरून मुलाला फळा दिसतो, पण शेजारचा मुलगा दिसत नाही. आणि शेजारच्या मुलाला दिसते ती ताईंची पाठ.

ही खुर्ची तिथे कुणी वाईट हेतूनं ठेवलेली नसते. मूल मध्येच उठून पळू नये, त्याच्या वहीपर्यंत ताईंचा हात चटकन पोचावा, बाकीच्यांचं लक्ष विचलित होऊ नये, म्हणून ती तिथे येते. सगळं काळजीपोटीच. पण इतके वर्ग पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. विशेष गरजा असलेलं मूल सर्वसाधारण शाळेत रुजतं की नुसतंच हजर राहतं, हे मदत किती मिळते यापेक्षा ती कुठे उभी राहते यावर जास्त ठरतं. मूल आणि बाई यांच्या मधे, मूल आणि मित्र यांच्या मधे, मूल आणि त्याची चूक यांच्या मधे ती उभी राहिली, की चांगल्या मनानं दिलेली मदतही मुलाची वाट अडवते.

या मुलांना शाळेचं दार उघडून मिळालं तेच मुळी मोठ्या झगड्यानंतर, हे विसरता येत नाही. अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, तेव्हा तिथल्या संसदेनं त्या कायद्यातच नोंदवून ठेवलं, की सुमारे दहा लाख अपंग मुलं सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत. इटलीनं १९७७ मध्ये वेगळे वर्ग मोडीत काढून मुलांना नेहमीच्या वर्गात आणलं. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं १९७८ च्या अहवालात सांगितलं, की पाचातल्या एका मुलाला शालेय वयात कधी ना कधी विशेष मदतीची गरज पडू शकते. म्हणजे हा चारदोन मुलांचा प्रश्न नव्हे, प्रत्येक वर्गाचा आहे. पुढे १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी मान्य केलं, की सर्वसाधारण शाळेनं सगळ्या मुलांना सामावून घ्यावं. आणि २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम २४ आलं, समावेशक शिक्षणाच्या हक्काचं. त्या कराराची देखरेख करणाऱ्या समितीनं २०१६ साली आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. शाळेची रचना, अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत यांतलं काहीही न बदलता मुलाला नुसतं नेहमीच्या वर्गात आणून बसवलं, तर त्याला समावेशन म्हणता येणार नाही.

मी जे रोज बघते ते नेमकं इथे अडतं. दाखला झाला, मूल आलं, ताई नेमल्या गेल्या. वर्ग मात्र होता तसाच राहिला. वर्गाला जे बदलायचं होतं, ते सगळं एकट्या ताईंवर येऊन पडलं.

तिसरीचा एक वर्ग सांगते. बाई म्हणाल्या, "वह्या काढा, नवं पान घ्या, तारीख घाला, पुस्तकातलं चौथं गणित उतरवा आणि सोडवून झालं की हात वर करा." बहुतेक मुलं कामाला लागली. कोपऱ्यातल्या मुलानं वही काढली आणि तो थांबला. पुढचं सगळं त्याच्या डोक्यातून निसटून गेलं होतं. तो हट्टी नव्हता की आळशी नव्हता. एका वेळी जितकं धरून ठेवता येतं, त्याहून जास्त त्याच्या हातात दिलं गेलं होतं. सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे या मानसशास्त्रज्ञांनी वर्किंग मेमरीवर, म्हणजे काम होईपर्यंत गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेवर, बरंच काम केलंय. त्यांच्या सांगण्यानुसार सातआठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात निदान तिघांची ही क्षमता सरासरी चार वर्षांच्या मुलाइतकी असू शकते, आणि तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी. सूचना एकच, वर्ग एकच, आणि ऐकणाऱ्यांमध्ये इतकं अंतर.

तो थांबला तसे ताईंचे हात पुढे आले. त्यांनी पान उलटलं, तारीख घातली, चौथ्या गणितावर बोट ठेवलं, आकडे उतरवून दिले. मिनिटभरात वही बाकीच्यांसारखी दिसू लागली. मला दिसत राहिलं ते वेगळंच. ताई नसत्या, तर त्यानं काय केलं असतं? शेजारच्याच्या वहीत डोकावून पाहिलं असतं. कुठलं पान, कुठलं गणित, हे मुलं अशीच एकमेकांकडून उचलतात. ही वर्गातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सहज मदत आहे. पण ती मिळायची वाट ताईंच्या खुर्चीनं बंद झाली होती. दुसरं म्हणजे, हा मुलगा पहिल्याच सूचनेला अडकला हे बाईंपर्यंत पोचलंच नाही. त्यांना लांबून नीटनेटकी वही दिसली.

उपाय साधा होता. सूचना तुकड्यातुकड्यानं द्यायच्या, फळ्याच्या एका कोपऱ्यात तीन ओळींत लिहायच्या आणि काम संपेपर्यंत पुसायच्या नाहीत. बाईंनी सुरुवात केल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, की मान वर करून त्या ओळी वाचणारी मुलं वर्गभर होती.

मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हरमाँट विद्यापीठातून १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मोठ्या माणसाची सततची जवळीक मुलाला कुठे कुठे नडते, हे त्यांनी वर्गात बसून टिपलं. वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी हळूहळू सोडून देतात. मूल वर्गमित्रांपासून तुटतं. त्याला स्वतःहून काही सुरू करायची सवय राहत नाही. मित्र जवळ यायला बिचकतात. नंतर इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांचा पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला मोठा अभ्यास आला, २००९ च्या सुमाराला. ज्या मुलांना मदतनिसाचा आधार जास्त मिळाला, त्यांची प्रगती तशाच पण कमी आधार मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली होती. मुलाची मुळातली पातळी आणि अडचण हिशेबात घेऊनही हा फरक उरत होता.

हे वाचून मदतनीस ताईंना दोष द्यायला कुणी निघालं, तर मी मध्ये पडेन. त्याच अभ्यासानं दाखवलं, की ताईंबरोबर काम कसं करायचं याचं प्रशिक्षण बहुतेक शिक्षकांना मिळालेलंच नव्हतं, आणि दोघांना बसून ठरवायला ठरलेली वेळही नव्हती. ताईंना तास सुरू झाल्यावर कळतं आज काय शिकवणार ते. त्या स्वतः पाठ ऐकत ऐकत मुलाला समजावतात. मग त्यांच्या हाती मोजता येण्यासारखं एकच उरतं, वही पूर्ण झाली की नाही. उलट जिथे ताईंना नीट शिकवलंय, हातात ठरलेला आराखडा दिलाय आणि रोज थोडा वेळ दोनतीन मुलांबरोबर वाचनाचं किंवा गणिताचं एखादं नेमकं काम करायला सांगितलंय, तिथे मुलं पुढे जातात, हेही इंग्लंडमधल्याच संशोधनानं दाखवलंय. तेव्हा प्रश्न माणसाचा नाही, त्याला नेमून दिलेल्या कामाचा आहे.

माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिकांनी एक फेरबदल केला. रोज गणिताच्या तासाला काही वेळ ताईंनी वर्ग बघायचा, मुलांचे हात वर आले की जायचं, वह्या पाहायच्या. आणि तेवढा वेळ वर्गशिक्षिकेनं त्या मुलाशेजारी बसायचं. बाईंना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. वर्षभर तो मुलगा त्यांच्या वर्गात होता, पण त्याच्या इतक्या जवळ बसून त्याला काम करताना त्यांनी पाहिलं नव्हतं. वजाबाकी चालली होती. त्याला हातच्याची वजाबाकी येत नाही, असं सगळ्या नोंदींत लिहिलेलं. बाई गप्प बसून बघत राहिल्या. त्यानं आकडे लिहिले, पण एकक एककाखाली आला नाही. खालची संख्या अर्ध्या घरानं डावीकडे सरकली, आणि त्याच्या डोळ्यांनी सातातून दोन वजा करायच्या जागी पाच वजा केले. हातचा त्यानं बरोबर घेतला होता! रीत त्याला येत होती, आकडे एकाखाली एक मांडणं जमत नव्हतं. इतके दिवस ताई प्रेमानं आकडे मांडून द्यायच्या. त्यामुळे घरी आणि परीक्षेत गणितं चुकायची, आणि का चुकतात ते कुणालाच कळायचं नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी चौकटीची वही दिली. एका चौकटीत एक आकडा.

ती वजाबाकी मी बाईंच्या मागे उभी राहून पाहिली. चूक मुलाजवळच राहू दिली, तर ती शिक्षकाला किती सांगून जाते! ती वेळेआधी कुणी पुसून टाकली, की शिकवणाऱ्याला शिकवायची जागाच सापडत नाही.

मला यासाठी इटलीतली एक तरतूद फार आवडते. तिथल्या १९९२ च्या १०४ क्रमांकाच्या कायद्यात असं आहे, की आधार देणारा शिक्षक ज्या वर्गात काम करतो, त्या वर्गाचा तो वर्गशिक्षकाइतकाच जबाबदार असतो. त्याची नेमणूक मुलामुळे होते, पण तो असतो सगळ्या वर्गाचा. म्हणून मूलही एकट्या त्याचं राहत नाही. तिथेही सगळं कायद्यात लिहिल्यासारखं घडतं, असं माझं म्हणणं नाही. पण कागदावर तरी नातं बरोबर मांडलंय, आणि कागदावर बरोबर असलेलं मागता येतं.

वर्गात हात वर करून उत्तर देण्याची गोष्ट अशीच. भाषा समजायला आणि मांडायला ज्यांना जड जातं, पण ऐकू व्यवस्थित येतं, बुद्धीही वयाला साजेशी असते, अशी मुलं आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ असतात. साधारण सात टक्के, म्हणजे तीस जणांच्या वर्गात दोघं. ती गप्प असतात म्हणून नजरेतून सुटतात. अशी एक मुलगी होती. बाईंनी तिला प्रश्न विचारला की तिच्या चेहऱ्यावर शोधाशोध दिसायची. ती शब्द गोळा करत असायची. तेवढ्यात ताई कानाशी उत्तराचं पहिलं अक्षर सांगायच्या, मग दुसरं, मग ती तो शब्द म्हणायची, बाई "शाब्बास" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. शब्द तिचा नव्हता. शाब्बासकीही मग तिची कशी होणार?

मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. ते तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, नेहमी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. हे सर्वसाधारण मुलांबद्दल. या मुलीला तीन सेकंदही पुरले नसते. मी बाईंना सुचवलं, की तिचा प्रश्न तिला आधी सांगून ठेवा. तास सुरू व्हायच्या आधी बाई तिच्या बाकापाशी जाऊन म्हणाल्या, "आज तिसरा प्रश्न तुला विचारणार आहे. मुळं झाडाला काय काय देतात? तोवर विचार कर." पहिले दोन प्रश्न झाले. तिसऱ्याला ती उभी राहिली. "पाणी," ती म्हणाली. बाई थांबल्या. वर्ग थांबला. ताईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते, ते मला दिसत होतं. "आणि... धरून ठेवतात. झाड पडत नाही." मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "हो, वादळात!" आणि तिनं मागे वळून त्याच्याकडे पाहत मान हलवली. उत्तरापेक्षा मला ते वळणं मोठं वाटलं. वर्गातल्या कुणीतरी तिच्या वाक्याला वाक्य जोडलं होतं, आणि तिनं ते घेतलं होतं.

डिस्लेक्सियाच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना येणाऱ्या अडचणीच्या, वैद्यकीय नियतकालिकांतल्या पहिल्या काही वर्णनांपैकी एक १८९६ सालचं आहे. इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. हुशार, खेळात चपळ, पण स्वतःचं नावसुद्धा नीट लिहिता न येणारा मुलगा. त्या लेखातली एक नोंद मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास सांगते. पर्सीला काही वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं होतं, की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. तेव्हा डिस्लेक्सिया हे निदान रूढ नव्हतं, तज्ज्ञ नव्हते, विशेष शिक्षक नव्हते. मास्तरांना तो मुलगा माहीत होता, कारण ते स्वतः त्याला शिकवत होते.

मग अशा मुलाला तोंडी उत्तर देऊ द्या, प्रश्न वाचून दाखवा, परीक्षेत वाढीव वेळ द्या, लेखनिक द्या, असं म्हटलं की पालकसभेत कुणीतरी उठून विचारतं, "मग आमच्या मुलांवर हा अन्याय नाही का?" मी त्या पालकांवर चिडत नाही, त्यांची धास्ती खरी असते. मी विचारते, इतिहासाच्या पेपरात आपण काय तपासतो? इतिहास समजला का, हेच ना? ज्याला समजलाय पण अक्षरं लावता लावता ज्याची वेळ संपते, त्याचे गुण आपण कशाचे कापतो? शुद्धलेखनाच्या पेपरात लेखनिक मागितला, तर तो चुकीचाच ठरेल. जे तपासायचंय तिथे सवलत नको, जे आड येतंय तिथे हवी. हे विषयाविषयाला बसून ठरवावं लागतं. सरसकट वाढीव वेळ देऊन सुटका करून घेण्यात अर्थ नाही. लक्ष एकाग्र न होणाऱ्या काही मुलांना लांबलेला पेपर जास्त छळतो, त्यांना मध्ये छोटी विश्रांती हवी असते.

मोठ्या वर्गांचा प्रश्न मी टाळणार नाही. पन्नासच्या वर मुलं आणि एक शिक्षक, अशा ठिकाणी माझी यादी ऐकून शिक्षक गप्प होतात, आणि त्या गप्प बसण्यात दमणूक असते, अनास्था नसते. नुसत्या सदिच्छेवर हे चालणार नाही. माणसं लागतील, वेळापत्रकात राखून ठेवलेला वेळ लागेल. काही मुलांना तर वर्गाचा गोंगाट खरोखर असह्य होतो. ज्यांच्या अहवालानं हे सगळं पुढे नेलं त्या मेरी वॉर्नॉक यांनीच २००५ मध्ये भूमिकेचा फेरविचार मांडला, की काही मुलांसाठी लहान, वेगळ्या शाळा असायला हव्यात. त्यावरून पुष्कळ वादळ उठलं. मला त्यांचं सगळं पटत नाही. पण तत्त्व राखण्यासाठी एखाद्या मुलाला रोज रडत वर्गात बसवू नये, हे पटतं. मात्र असा निर्णय घेण्याआधी मी एकच विचारते. या वर्गात काय काय बदलून पाहिलं? उत्तरात "ताई दिल्या होत्या" एवढंच आलं, तर मुलाला हलवायची वेळ अजून आलेली नाही असं मी समजते.

आईवडिलांशी बोलणं सगळ्यात कठीण. ताई मिळवायला त्यांनी अर्ज केलेत, हेलपाटे घातलेत, कुठे कुठे स्वतःच्या खिशातून पैसे भरलेत. आणि मी म्हणते, ताईंनी थोडं लांब बसावं. एका आईनं मला सरळ विचारलं, "आणि तो पडला तर?" मी तिला काही समजावत बसले नाही. आम्ही तिघींनी मिळून लिहून काढलं. जिन्यावर आणि स्वच्छतागृहात ताई सोबत, त्यात तडजोड नाही. चित्रकलेच्या तासाला ताई मागच्या बाकावर. मधल्या सुट्टीत ताई मैदानाच्या कडेला, खेळात नाही, कारण मोठं माणूस खेळात आलं की मुलं खेळ बदलतात. गणिताला बाई. महिन्यानं पुन्हा भेटायचं आणि जिथे जमतंय तिथून ताईंनी आणखी मागे सरकायचं. आईनं त्या कागदावर सही केली, पण तिचा हात जड होता. पुढच्या भेटीत ती स्वतःच म्हणाली, की मैदानात त्याला कुणीतरी ढकललं, त्यानं परत ढकललं, आणि मग दोघं मिळून बाईंकडे तक्रार घेऊन गेले. हे सांगताना ती हसत होती.

चौकटीच्या वहीवाला मुलगा आता मोठ्या शाळेत गेलाय. तिथे विषयागणिक शिक्षक, तासागणिक वर्ग. जाड फाईल कुणी वाचणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्यानं आणि मी मिळून एका पानाचं पत्र केलं. शब्द त्याचे, मी फक्त प्रश्न विचारले. "सूचना फळ्यावर लिहिली की मला जमते. आवाज वाढला की मी कान झाकतो, पण तेव्हाही मी ऐकत असतो. गणिताला चौकटीची वही लागते. माझं चुकलं तर मला दाखवा, मीच पुसतो." ते पान सगळ्या शिक्षकांना दिलं. बाकीच्यांनी सही करून ठेवून घेतलं. गणिताच्या सरांनी खाली पेन्सिलीनं एक ओळ लिहून ते त्याच्याकडे परत पाठवलं, "भूमितीला कोरा कागद चालेल, की तिथेही चौकट हवी?" दोन दिवस विचार करून त्यानं लिहिलं, "आकृतीला कोरा. आकडेमोडीला चौकट."